काकीच्या चहातले दात

काकीच्या चहाला ती खास चव कशामुळे येते, याचा गल्लीने एकदा शोध लावला होता. कवळीमुळे. काका गेले तेव्हा म्हणे काकीने त्यांचं सगळं वाटून टाकलं, चष्मा, छत्री, सायकल, पण कवळी मात्र ठेवून घेतली. आणि रोज सकाळी पहिल्या उकळीला ती कवळी चहात एक बुडी मारून येते. प्रेम असावं तर असं, असं काहीजण म्हणाले. बाकीच्यांनी नुसतं पोट धरलं. बँकेतल्या कॅशियरबाईंच्या मते कवळी काकांची नव्हतीच, जुन्या बाजारातून आणलेली होती. सलूनमध्ये दाढी नसतानाही बसणारी जी मंडळी असतात, त्यांनी तर एका कवळीचे तीन संच करून ठेवले. सांगणारा प्रत्येकजण आवाज खाली आणून सांगायचा, आणि सांगून झालं की म्हणायचा, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. ज्याला खरंच काही करायचं नसतं तो एवढा वेळ थांबत नाही.

तर ही काकी. कोपऱ्यावरच्या दुमजली इमारतीखाली तिचं चहाचं दुकान. अंगाने ठेंगणी आणि रुंद, आवाज मात्र दोन मजली. दुकान एवढंसं, की काकी आत उभी राहिली म्हणजे भरलं. दोन शेगड्या, एक कण्हणारा फ्रीज, बाहेर दोन बाकं, आणि एका बाकाचा पाय आखूड म्हणून त्याखाली कायमची एक घडी केलेली पुठ्ठ्याची पेटी. नवखा माणूस त्या बाकावर बसला की आधी डुलायचा आणि मग चहा सांगायचा. काका असताना ते गल्ल्यावर बसून लोकांशी गप्पा मारायचे आणि काकी चहा करायची. काका गेल्यावर दोन्ही कामं तिच्याकडे आली, आणि गप्पांचं काम तिने जास्त मनावर घेतलं.

वरच्या मजल्यावर कराटेचा क्लास. संध्याकाळ झाली की काकीचं छत धडधडायला लागायचं. चुन्याचे पापुद्रे दुधात पडू नयेत म्हणून तिने शेगडीच्या वर तारेने एक मोठं पत्र्याचं ताट टांगलं होतं, आणि त्यावर टपटप पडणाऱ्या चुन्यावरून वर काय चाललंय ते तिला कळायचं. धप्प झालं, की कोणीतरी चटईवर पडलं, काही विशेष नाही. धप्प आणि मागोमाग हसू, तर तेही काही नाही. धप्प आणि मग एकदम शांतता झाली, की काकी फ्रीज उघडायची. बर्फ फडक्यात बांधून होईपर्यंत जिन्यावर पावलं वाजायची आणि कोणीतरी ओठ धरून खाली यायचं.

कोणाचा ओठ स्वतःच्याच दातांवर आपटून फाटलेला. कोणी आरोळी ठोकायला जीभ मोकळी सोडली आणि नेमकी तेव्हाच हनुवटीवर बुक्की बसली, की त्या जिभेला पुढचे चार दिवस काकीचा गार केलेला चहा. एका बेकरीवाल्याच्या पुढच्या दाताचा कोपरा असा उडाला की तो हसला की सगळे त्या कोपऱ्याकडेच बघायचे. काकी सगळ्यांना बर्फ द्यायची आणि वर तोंडसुखही घ्यायची. म्हणायची, पैसे देऊन मार खाता, तो मी फुकट दिला असता.

कोपऱ्यावरून वळलं की दातांचे डॉक्टर. ते काकीचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी तिला एकदा शिकवून ठेवलं होतं, की आख्खा दात मुळासकट बाहेर आला तर त्याला मुळाकडे हात लावायचा नाही, घासूनपुसून स्वच्छ करायला जायचं नाही, दुधात टाकायचा आणि माझ्याकडे पळायचं, जितकं लवकर तितकं बरं. ते कामाला आलं क्लासमधल्या वायरमनच्या वेळी. वायरमन खाली आला तो तोंडात रुमाल आणि मुठीत स्वतःचा दात घेऊन. काकीने तो दात दुधाच्या ग्लासात टाकला, ग्लास त्याच्या हातात दिला आणि पळ म्हणाली. भर गर्दीच्या वेळी वायरमन ग्लास सांभाळत पळतोय, दूध सांडू नये म्हणून मध्येच सावकाश चालतोय, लोक विचारतायत काय रे, आणि हा उत्तर द्यायला तोंड उघडू शकत नाही. डॉक्टरांनी दात परत जागेवर बसवला आणि तो रुजला. वायरमन अजून त्या दाताने पेरू खाऊन दाखवतो, कोणी विचारलेलं नसतं तरी. पण गल्लीच्या लक्षात काय राहिलं, तर काकीच्या दुधात दात असतो.

क्लासचे मास्तर म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेला, काडीसारखा ताठ माणूस. तरुणपणी एका लढतीत त्यांचा खालचा एक दात गेला होता आणि त्या खिंडीचा त्यांना गर्व होता. तोंडात घालायचं ते रबरी गार्ड त्यांना मुळीच चालायचं नाही. त्यांचं म्हणणं, दाताला टोपी घातली की मनाला स्वेटर घालावासा वाटतो. शिवाय श्वास कोंडतो, आरोळी नीट निघत नाही. क्लास त्यांना फार मानायचा, त्यामुळे कोणीच गार्ड घालायचं नाही, आणि काकीचा बर्फ संपत राहायचा.

हे असंच चाललं असतं. पण त्या क्लासमध्ये काकीची भाची होती.

भाची म्हणजे काकीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. सगळी गल्ली जिला काकी म्हणते तिला मावशी म्हणणारी एवढी एकच. एका वर्षाच्या कोर्ससाठी राहायला आली होती, कोर्स संपला, छापखान्यात बांधणीच्या कामाला लागली आणि राहूनच गेली. ती कधी जाणार असं काकीने विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. दिवसभर पुस्तकं शिवायची, संध्याकाळी वर जाऊन लाथा मारायची. पोरगी हुशार, हात चपळ, आणि पुढचे दोन दात जरासे पुढे आलेले. हसली की आधी ते दोन पोचायचे आणि मग बाकीचं हसू. डॉक्टरांनी चहा पिता पिता सहज म्हटलं, की असे दात पहिला मार खातात, ओठ त्यांना पुरता झाकत नाही ना. डॉक्टर सहज म्हणाले आणि निघून गेले. काकीचा त्या दिवशीचा चहा तीनदा उतू गेला.

त्याच महिन्यात भाचीची जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली. काकीने दोन्ही बाकांवर फुकट बिस्किटं वाटली, आणि घरी गेल्यावर भाचीला सांगितलं की गार्ड घालशील तर जाशील, आणि तेसुद्धा आजपासून, रोजच्या सरावाला.

भाची म्हणाली, "मास्तर काय म्हणतील?"

"मास्तरांना म्हणावं, तुमचा गेलेला दात तुम्हाला शोभतो. हिचा मी शोभू देणार नाही."

गार्ड आणलं. ते गरम पाण्यात थोडा वेळ टाकून मऊ करायचं, मग दातांवर बसवून चावायचं, गाल आत ओढायचे, बोटांनी बाहेरून दाबायचं, आणि गार झालं की त्या माणसाच्या दातांचा साचा तयार. ते पहिलं गार्ड काकीच्या दुकानातच तयार झालं. कसं झालं ते सांगायला एवढ्यात घाई नको. पुढे इतरांची गार्डं काचेसारखी स्वच्छ निघाली आणि भाचीचं तेवढं, चाळीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाच्या दातांसारखं, पिवळट तपकिरी.

भाची ते घालून सरावाला उभी राहिली. मास्तरांनी फक्त भुवई वर नेली. पण पहिल्याच आठवड्यात वायरमनचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, चांगलं सणसणीत, आणि तिने गार्ड काढून बघितलं तर गार्डाला खाच आणि दात जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी वायरमन गार्ड घेऊन काकीच्या दारात. मग बेकरीवाला, मग सगळाच क्लास. काकीने वेगळं पातेलं काढलं, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि ते फक्त गार्डांसाठी ठेवलं. चिमट्याने बाहेर काढायचं, एक क्षण निथळू द्यायचं, फुंकर मारायची आणि समोरच्याला म्हणायचं, चाव.

आणि मग तिने नियम काढला, जो त्या गल्लीतच निघू शकतो. क्लास सुटल्यावर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून प्रत्येकाने गार्ड घातलेलं तोंड दाखवायचं, तरच चहा. सगळी माणसं ओळीने खाली यायची, पायरीवर थांबून ओठ वर ओढायची, काकी मान हलवायची, की पुढचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, ही माणसं या बाईवर दात काढतायत की विचकतायत. क्लासला येणाऱ्या सलूनवाल्याने एकदा गार्ड घरी विसरल्यावर दातांपुढे संत्र्याची साल कापून लावली होती. काकीने त्याला चहा दिला, त्यात साखर मात्र घातली नाही, आणि सालीवरून चहा पिऊन दाखव म्हणाली.

नियम मास्तरांनाही. मास्तर रस्ता ओलांडून समोरच्या मशीनचा चहा प्यायला लागले. बटण दाबलं की येतो तो. पंधरवडाभर ते तिथे उभे राहून औषध घेतल्यासारखा तो चहा घ्यायचे आणि काकी इकडून मुद्दाम आलं जरा जोरात ठेचायची.

मग एका सकाळी, शटर अजून अर्धंच वर होतं, तेव्हा मास्तर वाकून आत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी शेगडीजवळ ठेवलं.

"बायको म्हणाली, उरलेलेही गेले तर घास मऊ करून भरवणार नाही."

काकीने लाल दोऱ्याचं पातेलं चढवलं. मास्तरांनी चावलं, गाल ओढले, डोळे मिटून उभे राहिले. ते गार होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं, आणि काकीने त्या संधीचं सोनं करून पंधरवडाभराचं सगळं ऐकवून घेतलं. बोलता आल्यावर ते एवढंच म्हणाले, की हे कुठे सांगू नका.

"मी कशाला सांगू? तुम्हीच दाखवाल."

मास्तर काही दाखवेनात. गार्ड खिशात ठेवून ते क्लासला जायचे, घरी कधीतरी आरशासमोर घालून बघायचे, आणि काकीचा चहा मात्र सकाळी शटर अर्धं असताना पिऊन जायचे. आता निवृत्त गृहस्थ सकाळी सकाळी विधवेच्या अर्ध्या शटरखालून वाकून आत जातो म्हटल्यावर गल्लीने काय समजावं? गल्लीने तेही समजून घेतलं, पण त्या बातमीला कवळीची सर आली नाही.

कारण कवळीची बातमी तोपर्यंत जोरात होती. समोरच्या इस्त्रीवालीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, की काकी पातेल्यातून चिमट्याने दातांची रांग बाहेर काढतेय. ती पुन्हा पुन्हा सांगायची आणि दर वेळी एक दात वाढवायची. इस्त्री करता करता बातमी सांगायची तिची पद्धत अशी, की कपडा वळला की गोष्टही वळायची. बँकेतून रोज दोन थर्मास जायचे, ते बंद झाले. छापखान्याने मशीनचा चहा लावला. आखूड पायाचं बाक दिवसभर न डुलता उभं राहायला लागलं. दूधवाला निम्मं दूध ठेवून जायला लागला, तरी संध्याकाळी त्यातलं उरायचं.

ही अफवा काकीला सगळ्यात शेवटी कळली, वायरमनकडून. काकांची कवळी ऐकून ती पोट धरून हसली. मग दुकानात उभं राहून तिने रिकाम्या बाकांकडे बघितलं आणि तिचं हसू ओसरलं. हे दुकान गेलं तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. काकांनी मागे ठेवलेलं ते एवढंच, आणि तिला येत होतं तेही एवढंच.

भाची म्हणाली, "सगळ्यांना सांगून टाक ना मावशी, की चहाच्या पातेल्यात कधीच काही टाकलं नाही म्हणून."

काकीने तिच्याकडे बघितलं. भाचीने मान खाली घातली. दोघींनाही माहीत होतं, की असं छातीठोक सांगायला एक अडचण आहे.

"मग गार्डं तरी इथे उकळायची बंद करू. नाहीतर मी क्लासच सोडते."

"दुकान माझं आहे," काकी म्हणाली. "दात तुझे आहेत. दुकान परत उभं करता येतं." आणि लाल दोऱ्याचं पातेलं घासायला बसली. त्या दिवशी तिने ते इतकं घासलं, की त्यात तोंड दिसावं.

मग तक्रार गेली. कोणी केली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी नाव घेतलं नाही. एका संध्याकाळी आरोग्य खात्याचे साहेब आले. गोल चेहऱ्याचे, हातात पिशवी, आणि दिवसभर इतरांची स्वयंपाकघरं बघून जेवणावरची वासना उडालेला माणूस कसा दिसतो तसे दिसणारे. ते नेमके डुलणाऱ्या बाकावर बसले, डुलले, उठले. समोर इस्त्रीवाली इस्त्री आडवी धरून उभी राहिली. सलूनमधली मंडळी वर्तमानपत्रासकट बाहेर आली.

साहेबांनी विचारलं की चहात दात घालता अशी तक्रार आहे, त्यावर काय म्हणणं आहे. काकीने लाल दोऱ्याचं पातेलं पुढे केलं आणि गार्डाचं सगळं सांगायला सुरुवात केली, उकळणं, चावणं, गाल ओढणं. साहेबांना त्यातलं निम्मंच पटत होतं. ते म्हणाले, बाई, असं कोणी करत नाही. नेमका तेवढ्यात वर क्लास सुटला.

जिन्यावर पावलं वाजली. सवयीचा गुलाम म्हणजे काय ते साहेबांनी त्या दिवशी बघितलं. पहिला वायरमन शेवटच्या पायरीवर थांबला, साहेब समोर उभे, याने सवयीने ओठ वर ओढून दात दाखवले. मागे बेकरीवाला. मागे सलूनवाला, या वेळी संत्र्याशिवाय. साहेब एकेक पाऊल मागे सरकत होते आणि एकेक माणूस त्यांच्यासमोर येऊन अत्यंत गंभीरपणे दात विचकून पुढे जात होता. शेवटी मास्तर आले. काडीसारखे ताठ. वरून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. पायरीवर ते थांबले, खिशात हात घातला, गार्ड काढून तोंडात बसवलं आणि सगळ्या गल्लीसमोर ओठ वर ओढले. काकीने नेहमीसारखी मान हलवली आणि म्हणाली, "पुढचा."

साहेब बाकावर बसले. डुलले, पण उठले नाहीत. त्यांनी चहा मागितला.

चहा घेता घेता त्यांचं लक्ष भाचीकडे गेलं. सगळ्यांची गार्डं स्वच्छ आणि हिचं एकटीचं तपकिरी का, असं त्यांनी विचारलं. भाचीने मावशीकडे बघितलं. काकीने एकदा समोर इस्त्रीवालीकडे बघितलं, मग वाकून साहेबांना हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली. साहेबांच्या नाकातून चहा आला. ते खोकले, रुमाल काढला, डोळे पुसले, पुन्हा खोकले. गल्ली श्वास रोखून बघत होती. आता हा माणूस शटरला कुलूप लावणार, अशी सगळ्यांची खात्री झाली, आणि ती झाल्यावर काहीजणांना जरा वाईटही वाटलं. साहेबांनी रिकामा कप पुढे केला आणि दुसरा चहा मागितला.

दोन्ही शेगड्यांच्या मधे पत्रा लावा, एवढंच ते म्हणाले. जाताना त्यांनी गार्ड कुठे मिळतं ते विचारून घेतलं, त्यांच्या घरीही एक लाथा मारणारी मुलगी होती. आरोग्य खात्याच्या माणसाने जिथे दोन कप घेतले तिथे आपण पोट धरून बसण्यात अर्थ नाही, हे गल्लीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पटलं. बँकेचे थर्मास आधी आले. छापखान्याला मशीनच्या चहात कधी नव्हे तो पत्र्याचा वास यायला लागला. सगळ्यात शेवटी इस्त्रीवाली आली, म्हणाली, मी तर पहिल्यापासून म्हणत होते काही तसं नाही म्हणून. काकीने तिला बसायला डुलणारं बाक दिलं.

भाची स्पर्धेला गेली आणि दुसऱ्या फेरीत हरली. तोंडावर एक लाथ खाऊन आली होती, ओठ सुजलेला. काकीने तिला दारातच थांबवलं, तोंड उघडायला लावलं, पुढचे दोन दात बोटाने हलवून बघितले. हलले नाहीत. मग म्हणाली, ये आत, आणि दोघींसाठी चहा टाकला. भाची अजून तिच्याकडेच राहते. मास्तरांचा क्लास आता गार्डाशिवाय कोणाला उभं करत नाही, आणि ही कल्पना मुळात मास्तरांचीच होती असं मास्तर सांगतात. काकी त्यावर फक्त आलं जोरात ठेचते.

आता त्या कवळीचं. काकांना कवळी नव्हतीच. शेवटपर्यंत त्यांचे सगळे दात स्वतःचे होते. ज्या दिवशी भाचीचं गार्ड आणलं त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं आणि दुकानात गरम म्हणून एक चहाच होता. गार्ड कोरं होतं, कोणाच्या तोंडात गेलेलं नव्हतं. काकीने ते उकळत्या चहात टाकलं आणि चिमट्याने काढलं. तो चहा नंतर गाळून विकला. त्यातला पहिला कप इस्त्रीवालीने घेतला, आणि आज चहा झकास झालाय म्हणून दुसराही मागितला.